गिटारच्या मागे काय वाजतं



ज्यांच्या घरी लेड झेपलिन, रोलिंग स्टोन्स, क्रीम, डीप पर्पल नेमानं वाजतात, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. विषय आहे रिदम अँड ब्लूज. हे संगीत तुमच्या कानांना परकं मुळीच नाही. स्टोन्सची १९६४ मधली पहिली एलपी काढून बघा, तिच्यातली बहुतेक गाणी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांची आहेत. बीटल्सचं ‘ट्विस्ट अँड शाउट’ त्यांच्या आधी आयझली ब्रदर्सनी गाजवलं होतं. झेपलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’चं मूळ विली डिक्सननं लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सनं १९६२ मध्ये गायलेल्या ‘यू नीड लव्ह’मध्ये सापडतं. डिक्सननं त्यावरून १९८५ मध्ये दावाही लावला होता, तो पुढे तडजोडीनं मिटला.

म्हणजे ओळख जुनी आहे. तरीही रॉक ऐकणाऱ्या मंडळींची या संगीतातली आवड पाहिली की एक गोष्ट नजरेत भरते. मडी वॉटर्स आवडतो, हाउलिन वुल्फ आवडतो, चक बेरी आणि बो डिडली तर आवडतातच. स्टीव्ही वंडरचं ‘सुपरस्टिशन’ लागलं की आवाज वाढवला जातो. पण डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचं नाव काढलं की ‘ते नाचायचं संगीत’ म्हणून पुढे जायचं, ऑटिस रेडिंगचं संथ गाणं सुरू झालं की गप्पा सुरू करायच्या, आणि लुई जॉर्डन किंवा रूथ ब्राउन यांच्या वाटेला तर फारसं जायचंच नाही. जिथे एखादं वाद्य खणखणीत धून घेऊन पुढे येतं, विशेषतः गिटार, तिथे आवड. ती मागे गेली की आवडही मागे. माझं म्हणणं असं की रिदम अँड ब्लूजमध्ये गिटार बहुधा मानकरी नसते. तिला शोधत बसलं तर गाणं ऐकायचंच राहून जातं.

याचा पुरावा मी रॉकमधूनच देतो. स्टोन्सचं ‘सॅटिसफॅक्शन’, १९६५ चं. त्याच्या सुरुवातीची ती खरखरीत गिटारची धून जगात कोणाला माहीत नाही? कीथ रिचर्ड्सच्या डोक्यात मात्र ती धून ट्रम्पेट-सॅक्सोफोनसाठी होती. फझ पेडल लावून त्यानं गिटारवर वाजवली ती नुसता आराखडा म्हणून, इथे ब्रासची वाद्यं येतील असं दाखवण्यासाठी. तो आराखडाच बाजारात गेला आणि अजरामर झाला. त्याच वर्षी मेम्फिसमध्ये ऑटिस रेडिंगनं ते गाणं ध्वनिमुद्रित केलं, ‘ऑटिस ब्लू’ या एलपीसाठी. तिथे ती धून ब्रासवर आहे, आणि गाणं जणू आपल्या घरी परत आल्यासारखं वाजतं. दोन्ही रेकॉर्ड एकामागोमाग ऐका. रॉकमधली सर्वात प्रसिद्ध गिटारची धून दुसऱ्या वाद्यांच्या जागी उभी होती, हे एकदा कानाला पटलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आता थोडं मागे जाऊ. रिदम अँड ब्लूज हे नाव १९४९ मध्ये छापील स्वरूपात रूढ झालं. त्याआधी ‘बिलबोर्ड’ हे साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या संगीताची विक्रीची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या मथळ्याखाली छापायचं. तिथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलरला तो शब्द खटकत होता, त्यानं नवं नाव सुचवलं. हा वेक्सलर पुढे अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये गेला. त्याची आपली पुन्हा भेट होणार आहे.

नाव १९४९ चं, पण संगीत आधीपासून घडत होतं. युद्धानंतर पंधरा-वीस वादकांचे मोठे बँड पोसणं परवडेना, तेव्हा पाच-सात जणांचे ताफे पुढे आले. कमी माणसांत तेवढाच जोर आणायचा म्हणजे ठेका ठसठशीत हवा, सॅक्सोफोन मोकळ्या गळ्यानं ओरडायला हवा. लुई जॉर्डन हा या मंडळींचा राजा. तो स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि गायचाही. त्याची १९४६ ची ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ ही रेकॉर्ड मिळाली तर पहिले काही क्षण नीट ऐका. कार्ल होगन नावाच्या वादकानं गिटारवर जी सुरुवात केली आहे, तीच चक बेरीनं १९५८ मध्ये ‘जॉनी बी. गुड’च्या तोंडाशी बसवली. तुम्ही शंभर वेळा ऐकलेली ती सुरावट! पण तेवढंच ऐकून थांबू नका. पुढे जॉर्डनचा ताफा कसा झुलत चालतो ते ऐका. चक बेरीनं गिटार उचलली आणि ते झुलणं मागे ठेवलं. रॉक ज्या क्षणी वेगळा झाला, तो तुम्हाला त्या दोन रेकॉर्डच्या मधल्या जागेत ऐकू येईल.

झुलणं म्हणजे काय, हेही सांगायला हवं. एका मात्रेचे दोन भाग करताना पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवला की लय झुलते. दोन्ही भाग सारखे ठेवले की ती सरळ, ठोकत पुढे जाते. न्यू ऑर्लिन्समध्ये कॉसिमो माटासाच्या छोट्याशा स्टुडिओत हा बदल घडताना पकडता येतो. तिथे अर्ल पामर ड्रम्स वाजवत असे. १९५५ मध्ये लिटल रिचर्ड ‘टूटी फ्रूटी’ गायला तिथे आला. रिचर्डचा उजवा हात पियानोवर सारखे, सरळ ठोके देतो. झुलणारा ठेका त्याच्याशी जुळेना, म्हणून पामर हळूहळू त्या हाताच्या मागे गेला आणि ड्रम्सवरही ठोके सरळ केले. आज आपण ज्याला रॉकचा ठेका म्हणतो तो असा पियानोच्या ओढीनं तयार झाला. गिटारचा त्यात हात नव्हता.

हे सूर आपल्या सह्याद्रीपर्यंतही पोहोचले होते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस फारुख बुलसारा नावाचा मुलगा ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे, आणि लिटल रिचर्डची गाणी त्यांच्या कार्यक्रमांत असत. हाच पुढे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी झाला. गिटारच्या भोवती उभ्या राहिलेल्या रॉकमध्ये त्याची गाणी पियानोवर बेतलेली का वाटतात, याचं एक कारण मला तिथे दिसतं.

आता ऐकण्याची खरी शिकवणी. चार मात्रांचं आवर्तन धरा आणि एक, दोन, तीन, चार असं मोजा. या संगीतात मोठा आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो, स्नेअर या ड्रमवर. तुम्ही टाळी तिथेच द्या. आपला हात सवयीनं पहिल्या मात्रेवर पडतो, समेकडे ओढ असतेच. पण रिदम अँड ब्लूजमध्ये टाळी दोन आणि चारवर पडायला लागली की अंग आपोआप गाण्यात शिरतं. इथपर्यंत रॉकवाल्यांना अडचण येत नाही, रॉकमध्येही आघात तिथेच असतो. फरक पुढे आहे. तो आघात नेमका कधी पडतो, क्षणभर आधी, ऐन वेळेवर की क्षणभर उशिरा, यात या संगीताचा सारा कस आहे.

मेम्फिस शहरात ईस्ट मॅकलमोर अव्हेन्यूवर एक जुनं चित्रपटगृह होतं. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी तिथे स्टॅक्स रेकॉर्ड्सचा स्टुडिओ थाटला. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. त्या उतरत्या हॉलमध्ये बुकर टी. अँड द एम.जी.ज् हा चौघांचा ताफा कायम बसलेला असे. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बासवर डोनाल्ड डन आणि ड्रम्सवर अल जॅक्सन. दोन गोरे, दोन काळे. शहरात त्या काळी वंशभेद अजून उघडपणे पाळला जात होता, हे लक्षात ठेवून त्या चौघांची एकजीव साथ ऐकावी.

मे १९६५ मध्ये विल्सन पिकेट इथे ‘इन द मिडनाइट अवर’ गायला आला, सोबत आपला जेरी वेक्सलर. सराव चालू होता आणि वेक्सलरला काहीतरी कमी वाटत होतं. न्यू यॉर्कची तरुण मुलं तेव्हा ‘जर्क’ नावाचा नाच नाचत होती. वेक्सलर नियंत्रण कक्षातून बाहेर आला आणि वादकांसमोर स्वतः नाचून दाखवू लागला, वजन दुसऱ्या मात्रेवर कसं पडतं ते. जॅक्सन आणि क्रॉपर यांनी ते पाहिलं आणि तो आघात किंचित, अगदी केसभर मागे ओढला. लय तिळमात्र मंदावलेली नाही. फक्त दोन आणि चार थोडे उशिरा येतात, आणि त्या उशिरामुळे प्रत्येक आघाताची वाट पाहावीशी वाटते. गाणं ऐकताना पिकेटकडे दुर्लक्ष करा, एकदाच करा, आणि फक्त स्नेअर ऐका. जॅक्सन गाणंभर काही करत नाही, असं पहिल्यांदा वाटेल. आपल्या मैफलीत एखादा तबलजी विलंबितात नुसता ठेका धरून बसतो, एक तुकडा वाजवत नाही, आणि जाणकार मान डोलावतात ती त्या ठेक्याच्या वजनाला. अल जॅक्सनला दाद द्यायची ती तशी. झेपलिनच्या जॉन बॉनमच्या दहा मिनिटांच्या ड्रम सोलोवर प्रेम करणाऱ्यानं आठवडाभर जॅक्सनचा ठेका ऐकावा. बॉनमचंही मोठेपण मग अधिक कळेल, कारण ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मध्ये तो असाच संयमानं वाजवतो.

आणि गिटारप्रेमींसाठी स्टीव्ह क्रॉपर. तो सोलो जवळजवळ घेतच नाही. स्नेअरच्या आघाताबरोबर एक कोरडा, छाटलेला स्वरसमूह वाजवायचा आणि हात उचलायचा. गायकानं ओळ संपवली की दोन-तीन स्वरांचं उत्तर द्यायचं आणि पुन्हा गप्प बसायचं. एवढ्या थोड्या सामग्रीवर त्यानं किती गाणी उभी केली! मला विचाराल तर गिटार शिकणाऱ्या मुलानं वेगाच्या मागे लागण्याआधी क्रॉपरचं थांबणं शिकावं.

तुमच्या लाडक्या मडी वॉटर्सच्या रेकॉर्डमध्येही हे थांबणं आहे. ‘हूची कूची मॅन’, १९५४ चं, शिकागोच्या चेस रेकॉर्ड्ससाठी केलेलं. सगळा ताफा मिळून एक छोटी धून वाजवतो आणि एकदम थांबतो. त्या मोकळ्या जागेत मडी एक ओळ गातो. पुन्हा धून, पुन्हा मोकळी जागा. लिटल वॉल्टरची माउथ ऑर्गन, ऑटिस स्पानचा पियानो, डिक्सनचा बास, सगळे एका क्षणी श्वास रोखतात. आपण त्या धुनेवर भाळतो, कारण ती सोपी आणि दणकट आहे. गाण्याचा दरारा मात्र त्या रोखलेल्या श्वासात आहे.

आता मोटाऊन. इथे मला थोडं आग्रहानं बोलायचं आहे, कारण रॉक ऐकणाऱ्यांकडून सर्वात मोठा अन्याय याच संगीतावर होतो. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये कंपनी सुरू केली, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात. तळमजल्यावरच्या स्टुडिओला वादक ‘स्नेक पिट’ म्हणत, म्हणजे सापांचा खड्डा, कारण तिथे वायरींचा गुंता असे. तिथे जेम्स जेमर्सन बास वाजवायचा. मूळचा जॅझमधला, उभ्या डबल बासवर तयार झालेला. इलेक्ट्रिक बास हातात आल्यावरही तो उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं तारा छेडत असे. फोर टॉप्सचं १९६७ चं ‘बर्नाडेट’ लावा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्याच्यातून बास येतच नाही. हेडफोन लावा किंवा चांगल्या स्पीकरवर ऐका. लीव्हाय स्टब्स जिवाच्या आकांतानं गातो आहे, आणि त्याच्या खाली जेमर्सन एक स्वतंत्र गाणं गातो आहे. एकही आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. स्वर मध्येच चुकवल्यासारखा अर्धी मात्रा आधी येतो, उडी मारून वर जातो, आणि गायकाला हवा तेव्हा नेमका पायाशी हजर असतो. तिकडे कान लागला की ‘नाचायचं संगीत’ हे शब्द पुन्हा सहज तोंडातून येणार नाहीत. आणि नाचायचं असलं तरी काय बिघडलं? पायांना कळतं ते संगीत डोक्याला कमी कळतं असं थोडंच आहे!

पॉल मॅकार्टनीनं आपल्यावर जेमर्सनचा प्रभाव असल्याचं अनेकदा सांगितलं आहे. बीटल्सच्या १९६६ नंतरच्या रेकॉर्डमध्ये बास जो मोकळेपणानं फिरायला लागतो, त्यामागे डेट्रॉइट आहे. झेपलिनचा जॉन पॉल जोन्सही याच वाटेवरचा. गंमत म्हणजे या दोघांची नावं तुम्हाला पाठ आहेत, आणि जेमर्सनचं नाव मोटाऊनच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं छापलंसुद्धा जात नसे. मार्विन गेच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या एलपीवर वादकांची नावं आली. जेमर्सन १९८३ मध्ये गेला.

मोटाऊन एका बाजूला आणि रॉक दुसऱ्या बाजूला ही वाटणी ऐकणाऱ्यांनी केलेली नाही, ती रेडिओनं केली. १९६० च्या दशकात एकाच स्टेशनवर स्टोन्सनंतर सुप्रीम्स आणि सुप्रीम्सनंतर बीटल्स लागत. १९६३ च्या नोव्हेंबरअखेर ‘बिलबोर्ड’नं रिदम अँड ब्लूजची वेगळी यादीच बंद केली, दोन्हींकडची गाणी इतकी सारखी झाली होती. १९६५ च्या जानेवारीत ती पुन्हा सुरू झाली. पुढे एफएम आलं, स्टेशनं श्रोत्यांच्या गटांनुसार वाटली गेली, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘क्लासिक रॉक’ हा रेडिओचा एक ठरावीक साचा बनला. त्या साच्यात जिमी हेंड्रिक्स बसला, इतर कृष्णवर्णीय कलावंत फारसे बसले नाहीत. हेंड्रिक्स स्वतः आयझली ब्रदर्सच्या आणि लिटल रिचर्डच्या मागे साथीला उभा राहून तयार झाला होता, आणि ‘लिटल विंग’मधली त्याची नाजूक साथ कर्टिस मेफील्डच्या वळणाची आहे. आपल्याकडे कॅसेट आणि सीडी आल्या त्या याच वाटणीनुसार लेबलं लागून. म्हणून आवड एका बाजूला झुकली यात तुमचा दोष नाही.

ड्रम्स आणि बास ऐकू आले की गाणं ऐकायचं. इथे एक जोडी सुचवतो. ‘पीस ऑफ माय हार्ट’ म्हटलं की तुम्हाला जॅनिस जॉपलिन आठवते, बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनीबरोबरची, १९६८ ची. तिच्या आधी एका वर्षानं ते गाणं अर्मा फ्रँकलिननं गायलं आहे. जॅनिस पहिल्या ओळीपासून तारेवर आहे, फाटत्या गळ्यानं, मागे गिटारींचा कल्लोळ. ते मला मनापासून आवडतं. अर्मा मात्र लय धरून, आवाज आवरून सुरू करते. कडव्यात ती जवळजवळ बोलते. मग पार्श्वगायिका तिला हाकारतात, एकेक पायरी चढवतात, आणि ध्रुवपदावर ती आवाज सोडते तेव्हाही सगळा सोडत नाही. दुखावलेली बाई अजून स्वतःचा मान सांभाळून उभी आहे, हे त्या न सोडलेल्या आवाजातून कळतं. जॅनिसमध्ये दुःख भडकतं, अर्मामध्ये ते धुमसतं. दुसरं ऐकायला थोडा धीर लागतो.

अर्मा ही अरीथा फ्रँकलिनची बहीण. १९६७ मध्ये अरीथानं ‘रिस्पेक्ट’ ध्वनिमुद्रित केलं तेव्हा मागे गाणाऱ्यांत अर्मा आणि धाकटी कॅरोलिन होत्या. गाणं मूळचं ऑटिस रेडिंगचं, १९६५ चं, आणि त्यात घरी परतणारा नवरा बायकोकडे मान मागतो आहे. अरीथानं मागणारा बदलला. पियानोवर ती स्वतः बसली, ‘रिस्पेक्ट’ हा शब्द अक्षर-अक्षर सुटा करून म्हणण्याचं प्रसिद्ध स्थळ तिनं घातलं, आणि बहिणींचे आवाज असे गुंफले की एका बाईची मागणी घरभरच्या बायकांची झाली. ऑटिसचं गाणं धावतं. अरीथाचं रोवून उभं राहतं. गाण्यात मुख्य गायिका आणि मागच्या आवाजांमधली देवाणघेवाण चर्चमधून आली आहे, तिचे वडील डेट्रॉइटमधले नामांकित धर्मोपदेशक होते. फ्रेडी मर्क्युरी अरीथाचा भक्त होता. क्वीनचं १९७६ चं ‘समबडी टू लव्ह’ तुम्हाला पाठ असेल, तर त्यातला समूहस्वर कुठून आला ते ‘रिस्पेक्ट’नंतर लगेच ऐकून बघा.

आपल्याकडे पावणेचार मिनिटं उरली आहेत, आणि तेवढ्यात बसेल असं एक गाणं मी ठेवलं आहे. ऑटिस रेडिंगचं ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’, १९६६, स्टॅक्सच्या त्याच उतरत्या हॉलमधलं. गाणं १९३० च्या दशकातलं जुनं, गोडसं. सुरुवातीला ब्रासची छोटी प्रस्तावना आहे, ती आयझॅक हेजनं रचली. मग ऑटिस अगदी हलक्या आवाजात सुरू करतो. थोड्या वेळानं अल जॅक्सन काठीनं ड्रमच्या कडेवर टक-टक करू लागेल, गाण्याच्या दुप्पट लयीत. ऑटिस संथच आहे, पण ती काठी सांगते की याच्या पोटात वेग आहे. काठी सोडू नका. मग बास भरत जाईल, क्रॉपरची गिटार येईल, स्नेअर येईल, ब्रास एकेक पायरी वर चढेल, आणि शेवटी ऑटिसला शब्दही पुरणार नाहीत. हे सगळं एका वादकाच्या कडेवरच्या टकटकीतून कसं वाढत जातं, तेवढंच ऐका. टाळी द्यायचीच असेल तर दोन आणि चारवर. रेकॉर्ड सुरू होते आहे.